कामाशिवायची हाक

॥ श्री मळसिद्ध प्रसन्न ॥

मंद्रूप, ता. १२ जून २०२३

चि. आरोहीस आजीचा भरभरून आशीर्वाद. हिकडं आमी बरं हाय, तिकडं तू बरी असशील आसं धरून चालते.

तुजं पत्र मिळालं. फोनचं म्हणशील तर परवा तू बोलत हुतीस आन् मी नुसतं व्हय व्हय म्हणत हुते, मला काय बी ऐकू येत न्हवतं. सोलापुरात चादरीच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरता भरता मागांच्या खडखडाटानं कान गेले ते गेलेच. डावा तर आता पार बंद. तुजा बाप आदिनाथ म्हणतो मोबाइलवर लिव. माजी बोटं काचंवर घसरत्यात. दुसरी शिकलेल्या बाईला कागदच बरा, चुकलं तर खोडता येतं.

तुज्या कालिजात काय शिकवत्यात ते शेजारच्या गुरम्माला सांगताना माजी फजिती झाली. मी म्हटलं, माणसानं वस्तूला हात लावला की वस्तूनं कसं वागायचं ते आमची आरोही ठरवती. गुरम्मा म्हणाली, म्हंजे नव्या सुनंला वळण लावत्यात तसं की. मी व्हय म्हणाले, दुसरं काय म्हणू? मग तिला तुजा पयल्या वर्षाचा गाणारा तांब्या सांगितला. आंधळ्या माणसाला पाणी किती भरलं ते कळावं म्हणून भरंल तसा त्याचा सूर चढायचा. तुज्या आबांनी तवा कान लावून सांगितलं हुतं की पाणी गळ्याशी आलं की तांब्या बेसूर हुतोय, आन् तू रुसून जेवली न्हवतीस. दुसऱ्या वर्षी तो बाक केलास. दोन अनोळखी माणसं बसली की दोघांचे सूर मिळून वाजणार. आपल्या यष्टी स्टँडवर ठिवला तर आदी जागंवरनं भांडणं हुतील, मग सूर. पण मला लई आवडला हुता.

आबांचं लिवायचं मी शेवटाला ठिवलं. माघात लकवा मारला तवापासून उजवं अंग गेलेलंच हाय, वाचा बी आली न्हाय. डॉक्टर म्हणतो आता आसंच. सगळ्या गावाचं भजन ज्यांच्या पेटीवर उभं ऱ्हायचं ती पेटी कोपऱ्यात फडक्यात बांधून हाय. डावा हात तेवढा चालतो. काय पायजे झालं की वाटी बाजंच्या लोखंडावर आपटत्यात. पण आपटून कुणाला ऐकू जायचं? मी समोर बसून ऱ्हाते, तर दूध उतू जातं, म्हैस वरडत असती म्हणं. मागल्या बाजारादिवशी भाजी आणायला गेले आन् येऊन बगते तर आंथरूण ओलं, आन् ह्यांच्या डोळ्यातनं पाणी. बोलता येत न्हाय ते एक, ऐकू येत न्हाय ती एक. देवानं कशी जोडी लावली बग.

तांब्याला गायला लावलंस, आता ह्यांचं काय तरी कर.

माया हाय तशीच ऱ्हाऊ दे.

तुजी आजी,
गोजरबाई


॥ श्री ॥

बेंगळुरू, ता. ३ जुलै २०२३

ती. आजीस आरोहीचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि शेवटच्या वर्षाचा ठरवलेला प्रकल्प बदलला. वस्तुसंग्रहालयात लोक फिरतील तसं संगीत बदलणार होतं. ते कुणीही करेल.

आता सांगते ते नीट वाच. आबांच्या उशाशी एक लाकडी पेटी असेल, पोळपाटाएवढी. तिला तीनच पट्ट्या, रुंद, डाव्या हाताच्या बोटांना जड जाणार नाहीत अशा. तुझ्या मनगटात एक रबरी कडं. आबांनी पट्टी दाबली की तुझं कडं थरथरेल. फोनची घंटी बंद केल्यावर तो हातात थरथरतो ना, तसंच. पण आबा ज्या लयीत वाजवतील त्याच लयीत. कान लागणारच नाहीत. परसात असलीस तरी पोचेल.

आमचे सर म्हणाले की एक बटण पुरे, दाबलं की बाई येईल. मी त्यांच्याशी भांडले. ज्या माणसानं आयुष्यभर पेटीवरून पखवाजवाल्याला आणि टाळकऱ्यांना हाका मारल्या, त्याच्या हातात दाराची बेल द्यायची का? पाण्याला काय वाजवायचं आणि कूस बदलायला काय, ते आबांनाच ठरवू दे. तू फक्त ओळखायला शीक. तुला ताल कळतो, मागाच्या आवाजावरून धागा तुटलेला ओळखायचीस असं तूच सांगतेस.

बैलपोळ्याच्या आधी येते आणि बसवून देते. तोवर म्हशीला माझ्या वतीनं सॉरी म्हण.

लोभ आहेच, तो वाढता राहू दे.

तुझी,
आरोही


॥ श्री मळसिद्ध प्रसन्न ॥

मंद्रूप, ता. २१ सप्टेंबर २०२३

चि. आरोहीस आजीचा आशीर्वाद. तू बसवून गेलीस तवापासून रोज लिवीन म्हणते, पण आता मला बसायला कोण देतंय? हातातलं कडं सारकं वळवळतंय.

पाण्याची हाक लांब लांब दोन. कूस बदलायची हाक तीन बारक्या आन् एक लांब. दुखायला लागलं की एकच पट्टी दाबून धरत्यात, सोडतच न्हाईत. मला पयल्या आठवड्यातच सगळं पाठ झालं. परसात धुनं घासताना हाताला मुंगी आल्यागत हुतं, की मी साबणाचा हात पदराला पुसत आत. गुरम्मा लांबनं बगती, तिला काय ऐकू आलं न्हाय, दिसलं न्हाय, आन् गोजरबाई पळाली. तिनं गावभर केलंय की ह्या वयात नवरा-बायकूचं मनातल्या मनात चालू हाय.

एक गंमत लिवते. ह्यांनी एक चौथी हाक काढलीया. भजनाला बसताना सूर धरायच्या आदी नुसती बोटं फिरवून बगायचे की, तसली. सावकाश, तीन पट्ट्यांवरनं खाली-वर. पयल्यांदा आली तवा मी पळत गेले. पाणी दाखवलं, न्हाय. कूस, न्हाय. दुखतंय का, न्हाय. मग डाव्या हातानं बाजंची कड थोपटली. बस म्हणून. मी बसले. काय बी काम न्हवतं. आमटी करपली. मी भांडले की आरोहीनं यंत्र कामाला दिलंय, खेळायला न्हाय. ते तोंडाच्या एका कडंनं हसले. तसलं हसू लकवा मारल्यापासून मी बगितलं न्हवतं. आता रोज तिन्हीसांजंला ती हाक येती. मी भाकरी आदीच उरकून ठिवते, पण त्यांना तसं दाखवत न्हाय.

तुज्या परीक्षेवाल्यांना हे सांग. न्हायतर नको सांगूस.

माया कमी करू नको.

तुजी आजी,
गोजरबाई


॥ श्री ॥

बेंगळुरू, ता. १२ ऑक्टोबर २०२३

ती. आजीस सा. न. वि. वि.

पास झाले. नुसती पास नाही, परीक्षक उठून माझ्या टेबलाशी आले आणि परीक्षेपुरतं केलेलं नमुन्याचं कडं स्वतःच्या हातात घालून बसले. चौथी हाक मी त्यांना सांगितली, रागावू नको. एक बाई परीक्षक होत्या, त्यांनी ती पुन्हा एकदा वाजवायला लावली.

दवाखान्यांची यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीनं मला लगेच घेतलं. पेशंटच्या खाटेभोवतीची यंत्रं वेगवेगळ्या सुरांत ओरडतात, नर्सना शेवटी काहीच ऐकू येईनासं होतं. त्या सगळ्यांना एका सुरात आणायचं, असं माझं काम आहे. आबांची पेटीही त्यांना बघायची आहे. खरीखुरी वापरात असलेली.

म्हणून एक विनंती. इथे खंडेनवमीला फार मोठी आयुधपूजा असते, ऑफिसात कॉम्प्युटरला हळद-कुंकू लावतात, बसला झेंडूच्या माळा. आपल्या यंत्राचीही पूजा कर ना, आबांची जुनी पेटी शेजारी ठेवून. गुरम्माच्या सुनेला, पिंकीला फोटो काढायला सांग. मी इथे भिंतीवर लावीन.

सुट्टी नाही मिळाली, म्हणून एवढंच. आशीर्वाद असू दे.

तुझी,
आरोही


॥ श्री मळसिद्ध प्रसन्न ॥

मंद्रूप, ता. ३० ऑक्टोबर २०२३

चि. आरोहीस आजीचा आशीर्वाद.

पूजा चांगली झाली. ते आदी लिवते, तू त्याचंच इचारलं हुतंस.

सकाळी घर सारवलं. पाटावर नवं फडकं घातलं. ह्यांची पेटी सोडून पुसली. तिच्याजवळ इळा, खुरपं, माजी कारखान्यातली जुनी कांडी. मधी तुजी पेटी ठिवली, तिच्यावर माज्या हातातलं कडं. हळद-कुंकू, झेंडू, ऊस. मी पेटी उशापासनं उचलली तवा ह्यांनी डावा हात वर केला. मला वाटलं, नमस्कार करत्यात. मी त्यांचा हात धरून कपाळाला लावला आन् खाली ठिवला.

पुढचं तुला ठाऊक असायला पायजे हुतं आसं न्हाय. आपल्यात खंडेनवमीला पूजेला मांडलेल्या वस्तूला काम द्यायचं नस्तं. वरीसभर राबती, तिला एक दिस इसावा. कारखान्यात त्या दिवशी माग बंद, आमी कांडीला शिवायचो न्हाय. दसऱ्याला उत्तरपूजा झाली की मग उचलायचं. मला दुसरं काय सुचलंच न्हाय. सुचायचं कारण न्हवतं, जन्मभर तसंच केलंय.

घटाला बांधायच्या कडाकण्या करायला मी चुलीम्होरं बसले. पाठ ह्यांच्याकडं. पिठात हात, तेल तापलेलं. मधी एकदा उठून बगून आले, निजलेले हुते. परत बसले. गुरम्मा परसाद द्यायला आली ती दारातनंच ह्यांच्याकडं पळाली, तवा मी वळून बगितलं. हे खाली पडलेले. बाजंपासनं पाटापर्यंत सरपटत गेलेले. हात पुजेच्या फडक्यावर, झेंडू सांडलेले. पाणी पायजे हुतं, का आनखी काय, ते मला अजून कळलं न्हाय.

खुब्याचं हाड मोडलंय. सोलापूरच्या दवाखान्यात नेलं हुतं, ह्या वयात चिरफाड नको म्हणाले. आदिनाथ अकलूजहून आला हुता, त्याच्या साखर कारखान्याचा बॉयलर पेटायचा म्हणून परत गेला. तुला त्यानं नुसतं पडले एवढंच सांगितलं आसंल.

फोटो पिंकीनं आदीच काढला हुता. तो लावू नको.

तुजी आजी,
गोजरबाई


॥ श्री ॥

बेंगळुरू, ता. ५ नोव्हेंबर २०२३

ती. आजीस सा. न. वि. वि.

पूजा करायला मीच सांगितलं. पाणी सांडलं तर, चार्जिंग संपलं तर, म्हशीनं कडं चावलं तर, सगळ्याचा विचार करून ठेवला होता. माझ्याच घरची खंडेनवमी माझ्या डोक्यात आली नाही. लहानपणी कंपासपेटी पूजेत गेली की अभ्यासातून सुटका म्हणून मी नाचायचे. ते सगळं मला ठाऊक होतं, आजी.

कंपनीत पेटीची माहिती द्यायचा दिवस होता. आबा पडल्याचं मी सांगितलं. साहेब म्हणाले की हा यंत्राचा दोष नाही, वापरणाऱ्याचा आहे. सगळ्यांनी माना हलवल्या. मी काही बोलले नाही, आणि त्या न बोलण्याची मला फार लाज वाटते.

ती पेटी टाकून दे. नाहीतर मी दिवाळीत येऊन घेऊन जाते. साधी दोरी बांध तुझ्या मनगटाला आणि आबांच्या हाताला, तीच बरी.

तुझी,
आरोही


॥ श्री मळसिद्ध प्रसन्न ॥

मंद्रूप, ता. २२ डिसेंबर २०२३

चि. आरोहीस आजीचा आशीर्वाद.

दिवाळीला येऊन तू पेटीकडं बगितलं बी न्हाईस. पेटी मी टाकली न्हाय, टाकणार न्हाय. दोरीचं लिवलंस ते म्हशीला बरं.

खरं ते लिवते. हे पेटी वाजवत न्हाईत. उशाशी सरकवली तर हात काढून घेत्यात आन् भिंतीकडं बगत्यात. पाणी पायजे असलं तरी पडून ऱ्हात्यात. मी त्यांचं बोट धरून पट्टीवर ठिवलं, उचलून घेतलं. मला वाटलं, माज्यावर राग हाय. गुरम्मा म्हणाली, राग न्हाय. त्या दिवशी हाक मारायला हात गेला आन् हाक मारायची जागाच न्हवती. आता भ्या वाटतंय त्यास्नी. मी आपलं कडं दिवसभर घालून ऱ्हाते. वळवळत न्हाय. तिन्हीसांजंला तर लई जड वाटतं.

पण आठवड्यामागं एक झालं. पीठ मळायचं हुतं म्हणून कडं काढलं आन् हरवू नये म्हणून ह्यांच्याच मनगटात अडकवलं. मग पेटीवरची धूळ पुसायला फडकं फिरवलं, तर पट्टी दाबली गेली. हे दचकले. हाताकडं बगितलं, मग माज्याकडं. मी परत दाबलं. मला ह्यांच्यावानी कुटं येतंय, पण ती चौथी हाक, सावकाश खाली-वर, जमंल तशी वाजवली. आरोही, त्यांनी बाजंची कड थोपटली.

तवापासनं कडं त्यांच्या हातात आन् पेटी माज्याकडं. आता मी हाक मारते. चुलीपाशी असले, गोठ्यात असले तरी पेटी संगं नेते आन् मधी मधी वाजवते, की मी हाय. काम काय नस्तं. परत येऊन बगावं तर नजर दाराकडं असती. भिंतीकडं नस्ती.

अन्न उतरंना झालंय. पायाला सूज हाय. डॉक्टर काय बोलत न्हाय, बोलला तरी मला ऐकू येत न्हाय, त्याचं तोंड बगून कळतंय. संक्रांतीला जमलं तर ये. काळ्या साडीचं बगू नको, मला नको हाय.

माया ऱ्हाऊ दे.

तुजी आजी,
गोजरबाई


मंद्रूप, ता. ३० जानेवारी २०२४

चि. आरोहीस आजीचा आशीर्वाद.

तू तेराव्यापतोर हितंच हुतीस, तरी रीतीनं पत्र लिवते. वर श्री घातलं न्हाय आन् कोपरा फाडलाय, बगून घाबरू नको. तू असताना आपलं बोलणं झालं न्हाय. मला ऐकू येत न्हवतं आन् तुला बोलवत न्हवतं.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी, भोगीची भाजी चुलीवर हुती. मी तिथनं हाक दिली. मग दुसरी दिली. आत जाऊन बाजंवर बसले आन् त्यांच्याम्होरं तिसरी दिली. कडं त्यांच्या हातात थरथरत हुतं, ते मला दिसत हुतं. हात हलला न्हाय. मी भाजी उतरवून आले आन् मग गुरम्माला बोलवलं.

बायांनी माजा चुडा उतरवला ते तू बगितलंस, त्याचं काय लिवू. आदिनाथनं ह्यांच्या हातातलं कडं काढून माज्या पदरात टाकलं, तवा एक म्हातारी म्हणाली की आता हातात काय घालायचं न्हाय. मी सांगितलं, ही बांगडी न्हाय, माजा कान हाय.

पेटी तुज्या पिशवीत मीच घातली. तिकडं काढून बग, मोडली बिडली असंल. कडं मी ठिवलंय. वाजणार न्हाय ते मला कळतंय. तेवढी खुळी न्हाय मी.

तुजी आजी,
गोजरबाई


॥ श्री ॥

बेंगळुरू, ता. ५ मार्च २०२४

ती. आजीस सा. न. वि. वि.

पेटी मोडली नव्हती. मधल्या पट्टीत झेंडूची पाकळी वाळून बसली होती, ती तशीच ठेवली.

कंपनीत मी साहेबांना एक मागितलं. पेशंटनं बेल दाबली की नर्सकडून परत काहीतरी त्याच्या हाताला कळावं. ऐकलंय, येतेय, एवढंच. पडून असलेल्या माणसाला आपली हाक पोचली की नाही हे कुणीच सांगत नाही. साहेब म्हणाले की बेल दवाखाने विकत घेतात, पेशंट नाही. चांगलं आहे, पण नको. मी अजून तिथेच आहे. दिवसभर यंत्रांचे सूर जुळवते. संध्याकाळी खोलीवर येते तेव्हा कुणाशी बोलावंसं वाटत नाही. आईला हे सांगू नको.

सोबत नवं कडं पाठवते. जुन्याचा पल्ला आपल्या परसापुरता होता. ह्यात मोबाइलचं सिमकार्ड आहे, पेटीतही घातलंय. बेंगळुरूहून मंद्रूपला पोचतं का बघायचंय. चार्जिंग पिंकीला दाखवून ठेव. मला परत हाक द्यायला तुझ्याकडे पेटी नाही, सध्या हाक एकाच बाजूनं जाते. दुसरी बनवतेय.

तुझी,
आरोही


॥ श्री मळसिद्ध प्रसन्न ॥

मंद्रूप, ता. १९ मार्च २०२४

चि. आरोहीस आजीचा आशीर्वाद.

पोचतं. परवा तिन्हीसांजंला पोचलं.

मी परसात वाळवण आवरत हुते. हाताला मुंगी आल्यागत झालं. सावकाश, खाली-वर. मी पदराला हात पुसला आन् आत गेले. बाजंपाशी गेल्यावर ध्यानात आलं की हितं कुणी न्हाय. मग कुटं जायचं ते कळंना. कडं वळवळतच हुतं. तुजा हात ह्यांच्यापरास जरा घाईचा हाय.

मी बाजंवर बसले. दुसरी पेटी अजून आली न्हाय, ते ठाऊक हुतं. तुला दिसणार न्हाय, कळणार बी न्हाय. तरी डाव्या हातानं बाजंची कड थोपटली.

उद्या परत दे. भाकरी मी आदीच उरकून ठिवते.

तुजी आजी,
गोजरबाई